चौकटीबाहेरचे घर

कौटुंबिक छायाचित्रांचा विचार करताना चित्रात कोण दिसते याचीच बहुधा चर्चा होते. ते काढणारा घरातला होता की बाहेरचा, तो किती अंतरावर उभा होता आणि कॅमेऱ्याच्या ज्या खिडकीतून त्याने पाहिले तिच्यातून त्याला नेमके काय दिसत होते, हे प्रश्न मागे पडतात. घराच्या चित्रसंग्रहाला आकार येतो तो मात्र याच प्रश्नांच्या उत्तरांवरून. विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे तीन दशके जगभर घरगुती वापरासाठी विकल्या गेलेल्या, आणि आज जुन्या वस्तूंच्या बाजारात पुन्हा मागणी आलेल्या, रेंजफाइंडर जातीच्या फिल्म कॅमेऱ्यांचा विचार या लेखात त्या अंगाने केला आहे, आणि तो करताना नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातले लासलगाव हे बाजारपेठेचे गाव समोर ठेवले आहे. हा कॅमेरा घरातल्या माणसाच्या हाती शोभतो याचे कारण त्याच्या जुनेपणात किंवा फिल्मच्या रंगांत शोधू नये. छायाचित्र टिपले जात असतानाही चौकटीबाहेरचे घर काढणाऱ्याच्या नजरेआड होऊ न देण्याचा जो गुण त्याच्या रचनेत आहे, तो खरे कारण आहे.

लासलगावची सार्वजनिक ओळख कांद्याने घडवली. १९४७ साली स्थापन झालेली कृषी उत्पन्न बाजार समिती, मुंबईहून नाशिकमार्गे मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे स्थानक, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांचा मारा करण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले आणि २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यासाठीही उपयोगी पडलेले विकिरण केंद्र, या साऱ्यांची नोंद सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत झालेली आहे. भाव कोसळले किंवा भडकले की बातमीदारांचे कॅमेरे बाजार आवारात येतात आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा, लिलावाची गर्दी, मूठभर कांदा उचलून प्रत पाहणारे व्यापारी टिपून जातात. मात्र कांदा ट्रॉलीत चढण्यापूर्वी त्याच्यामागे जे घर राबलेले असते, त्याचे चित्र या नोंदीत जवळजवळ नाही. उपटलेल्या उन्हाळ कांद्याची पात विळ्याने कापणे, तो सुकवणे, मोठा माल एकीकडे, गोल्टी म्हणजे लहान कांदा एकीकडे आणि खाद म्हणजे खराब माल वेगळा काढून प्रतवारी लावणे, एप्रिल-मेच्या उन्हात तो चाळीत, म्हणजे वारा खेळता राहील अशा फटींच्या भिंतींच्या साठवणघरात, भरणे, ही कामे मुख्यतः बायकांच्या हातून होतात. बाजार समितीचे दप्तर त्यांना ओळखत नाही, आणि घरचा अल्बमही बहुधा ओळखत नाही. बाजारासाठी ज्याचे महत्त्व सर्वांत मोठे, त्याच कामाची घराला चित्ररूप आठवण नसावी, ही उणीव किरकोळ मानता येणार नाही.

ही उणीव कशी निर्माण झाली, हे समजण्यासाठी स्टुडिओकडे पाहावे लागते. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत छायाचित्र हा दीर्घकाळ बाहेर जाऊन करून घेण्याचा विधी होता. रंगवलेला पडदा, लाकडी खुर्ची, धुतलेले कपडे, हात कुठे ठेवायचा आणि मान किती वळवायची याच्या सूचना, आणि चार-आठ दिवसांनी मिळणारी पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्रत, अशा या व्यवहारात घर स्वतःला जसे दाखवू इच्छी तसेच ते उतरे. डोहाळजेवणाच्या छायाचित्रात पाठीमागे आरसा ठेवून फुलांनी मढवलेली वेणी त्यात दिसेल अशी केलेली मांडणी हा या परंपरेचा फार सुंदर नमुना आहे. एकाच चित्रात चेहरा आणि पाठ दोन्ही दाखवण्याची ती युक्ती स्टुडिओवाल्यांच्या कल्पकतेची साक्ष देते. फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात दक्षिण फ्रान्समधल्या बेआर्न प्रांतातील शेतकऱ्यांबद्दल असे दाखवले की, लग्नासारख्या प्रसंगी व्यावसायिकाकडून छायाचित्र काढून घेणे त्यांना कर्तव्य वाटे, पण स्वतः कॅमेरा बाळगून रोजच्या जगण्याची चित्रे काढणे हा शहरी उधळेपणा वाटे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंवर केलेले आणि १९९७ मध्ये ग्रंथरूपाने आलेले संशोधन याच्या शेजारी ठेवले, तर भारतीय स्टुडिओ हा माणसाची नोंद घेण्यापेक्षा त्याला एखादे इच्छित रूप बहाल करण्याची जागा होता, हे पटते. यात कमीपणा काहीच नाही. तथापि इच्छित रूपाच्या या दालनात घामेजलेला, पातीच्या कचऱ्यात बसलेला, कामातला माणूस शिरू शकत नव्हता. त्याच्याकडे कोणीतरी कॅमेरा घेऊन यायला हवे होते, आणि येणारा परका असेल तर तो माणूस हातातले काम टाकून पदर सावरून उभा राहणार हेही ठरलेले होते.

घरात कॅमेरा आला तो प्रथम साध्या पेटीच्या रूपाने. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक-थ्री हा अनेक मध्यमवर्गीय घरांचा पहिला कॅमेरा. १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मवर तो बारा चौरस चित्रे काढी, त्याचे भिंग एकाच काचेचे होते आणि उन्हासाठी वा ढगाळ हवेसाठी एक खटका सरकवण्यापलीकडे त्यात ठरवण्यासारखे फार थोडे होते. कृष्णधवल फिल्म देशातच व्हावी म्हणून १९६० साली स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची ‘इंदू’ फिल्म पुढे बाजारात आली, तरी रोल ही जपून वापरण्याची वस्तू राहिली. अंगणात, दक्षिणेकडे तोंड करून, सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी आणि समोरच्यांचे डोळे बारीक झालेले, अशी त्या काळातली असंख्य चित्रे याच मर्यादांतून घडली. पडवीत किंवा माजघरात या कॅमेऱ्याला दिसतच नसे. ज्यांना तिथले दिसू शकले असते ते जपानी रेंजफाइंडर कॅमेरे आयातीवरच्या निर्बंधांमुळे आणि जकातीमुळे सर्वसाधारण घराच्या आवाक्याबाहेर राहिले. परदेशी नोकरीला असलेल्या नातेवाइकाच्या सामानातून किंवा मुंबईच्या फोर्ट भागातल्या बोरा बाजारसारख्या ठिकाणांहून ते तुरळक घरांत पोहोचले. म्हणजे रेंजफाइंडर कॅमेऱ्याने टिपलेल्या लासलगावचा इतिहास सांगण्याचा दावा येथे नाही. जे साधन योग्य वेळी हाती आले नाही ते आज, उशिरा का होईना, कशासाठी वापरण्याजोगे आहे, हा येथला प्रश्न आहे.

घर आणि कॅमेरा यांचे नाते नाशिक जिल्ह्याला मात्र नवे नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ साली इंग्लंडहून चलच्चित्राचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र आणले, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म घरातच केली आणि तिच्या बळावर ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले. त्या काळी कोरी फिल्म भोके न पाडता मिळे. अंधारात ती भोके पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले, मुलगा भालचंद्र त्या चित्रपटात रोहिदास झाला, आणि पुढे फाळके नाशिकला आल्यानंतर १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. ज्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, त्याच सुमारास, १९१३-१४ मध्ये, जर्मनीतील वेट्झलार या लहान गावात लाइट्झ कारखान्यातला तंत्रज्ञ ऑस्कर बार्नाक हीच ३५ मिलिमीटर रुंदीची चित्रपटाची फिल्म आडवी फिरवून, तिच्या दोन चित्रांची जागा एकाला देऊन, २४ बाय ३६ मिलिमीटरचे स्थिर चित्र काढणारा खिशात मावेल असा कॅमेरा घडवत होता. लायका या नावाने तो १९२५ मध्ये बाजारात आला. फाळक्यांच्या घरात ज्या फिल्मला रात्री भोके पाडली जात होती, तीच पुढे साऱ्या जगाच्या कौटुंबिक छायाचित्रणाची फिल्म ठरली; फाळके कुटुंबाच्या उद्योगाकडे चित्रपटाच्या इतिहासाबरोबरच घरगुती छायाचित्रणाच्या इतिहासातील पान म्हणूनही पाहायला हवे, आणि त्यात सरस्वतीबाईंचे नाव आधी यायला हवे.

रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजून भिंग जुळवून देणारी यंत्रणा. कॅमेऱ्याच्या माथ्यावर दोन खिडक्या असतात. मोठ्या खिडकीतून काढणारा समोरचे दृश्य पाहतो. काही सेंटिमीटर बाजूला असलेल्या लहान खिडकीतून आत आलेले तेच दृश्य आरशाने वळवून अर्धपारदर्शक काचेच्या साहाय्याने पहिल्या दृश्याच्या मध्यभागी एका लहानशा उजळ ठिपक्यात मिसळलेले असते. दोन खिडक्या एकमेकींपासून दूर असल्याने जवळची वस्तू त्यांना निरनिराळ्या कोनांतून दिसते आणि ठिपक्यात तिच्या दोन प्रतिमा उमटतात. भिंगाभोवतीची कडी फिरवली की आरसा किंचित वळतो, दोन प्रतिमा सरकत एकमेकींवर येतात, आणि त्या एक झाल्या की भिंग बरोबर त्या अंतरावर जुळलेले असते. जमिनीची मोजणी ज्या त्रिकोणाच्या नियमाने होते तोच नियम येथे डोळ्यासमोर काम करतो. कोडॅकने १९१६ मध्येच अशी जुळणी एका कॅमेऱ्यात आणली होती, १९३२ मध्ये लायका आणि कॉन्टॅक्स या कॅमेऱ्यांनी ती रूढ केली, आणि १९५४ च्या लायका एम-थ्रीने पाहण्याची व मोजण्याची खिडकी एकच करून तिच्यात चित्राच्या कडा दाखवणारी प्रकाशमान चौकट तरंगत ठेवली. १९६१ चा कॅनन कंपनीचा कॅनोनेट, १९६६ चा याशिका इलेक्ट्रो-३५, १९७० चा ऑलिंपस ३५ आरसी हे या घराण्यातले, भिंग न बदलता येणारे, सामान्य कुटुंबाला परवडावेत म्हणून केलेले कॅमेरे होत. १९७७ मध्ये कोनिका कंपनीने अंतर स्वतःच जुळवणारा सी-३५ एएफ विकायला आणला, आणि घरगुती वापरातून रेंजफाइंडरची उतरण सुरू झाली.

या रचनेतून निघणारी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. काढणारा भिंगातून पाहत नाही; तो भिंगाच्या बाजूच्या स्वच्छ काचेतून पाहतो. एसएलआर कॅमेऱ्यात, म्हणजे आरशाच्या मदतीने भिंगातूनच पाहण्याच्या कॅमेऱ्यात, भिंगामागचा आरसा चित्र टिपताना वर उचलला जातो, त्यामुळे ज्या क्षणाचे चित्र निघते नेमका तोच क्षण काढणाऱ्याला दिसत नाही. शिवाय भिंगात दिसते तेवढेच जग त्याच्यापुढे असते, चौकटीच्या पलीकडे काळोख. रेंजफाइंडरच्या खिडकीत चौकटीच्या रेषांबाहेरही दृश्याचा काही भाग दिसत राहतो, मागचे-पुढचे सगळे सारखेच स्पष्ट असते आणि खटका दाबताना काहीही झाकले जात नाही. कॅनोनेट किंवा याशिकामध्ये हा बाहेरचा पट्टा लायकाइतका रुंद नसतो हे खरे. पण त्यांचीही खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाला असल्याने उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचा डावा डोळा मोकळा राहतो, आणि थोड्या सवयीने दोन्ही डोळे उघडे ठेवून चित्र काढता येते.

घरातल्या प्रसंगात याने काय फरक पडतो, हे बोरन्हाणाच्या उदाहरणाने पाहता येईल. संक्रांतीनंतर काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेले मूल पाटावर बसवतात, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे ओततात आणि भोवती दबा धरून बसलेली मुले ते वेचायला झेपावतात. अल्बममध्ये सापडणारे चित्र बहुधा पाटावरच्या मुलाचे असते: भेदरलेले डोळे, डोक्यावर चुरमुरे. चौकटीपुरतेच पाहणाऱ्याला त्याहून वेगळे चित्र मिळणे कठीण, कारण झेप घेणारी मुले चौकटीत शिरल्यावरच त्याला दिसतात आणि तोवर पहिला हात बोरापर्यंत पोहोचलेला असतो. बाहेरचे दिसणाऱ्याला मात्र डाव्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसून ओंजळ तयार ठेवलेली पुतणी दिसते, मागे खांबाला टेकून उभी असलेली, पुढे यायला संकोचणारी आजी दिसते, आणि एक पाऊल मागे सरकून त्या दोघींना चौकटीत घ्यायचे की नाही हे तो ठरवू शकतो. घरच्या माणसाला जे ठाऊक असते ते येथे उपयोगी पडते: कोणती मुलगी आधी उठणार, आजी कोणाच्या हाकेला पुढे येईल, हे बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला कळण्याचा मार्ग नाही. कॅमेऱ्याने हे ज्ञान चालू ठेवावे, त्यावर पडदा टाकू नये, एवढीच अपेक्षा कौटुंबिक छायाचित्रकाराने साधनाकडून ठेवायची असते.

रेंजफाइंडरची कीर्ती ज्यांनी वाढवली ते बहुतेक परके लोक होते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये लायका घेऊन भारतात हिंडले आणि गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची, त्यांच्या अंत्ययात्रेची चित्रे त्यांनी टिपली. परक्याने कोणाच्या लक्षात न येता गर्दीत मिसळण्याचे साधन म्हणून हा कॅमेरा गाजला, आणि त्या कीर्तीमुळे त्याचा दुसरा, अधिक मोठा उपयोग झाकला गेला. परक्याला लपण्यासाठी लागणारे गुण आपल्या माणसाला लपण्यासाठी लागत नाहीत, पण ते त्याला प्रसंगात टिकून राहायला मदत करतात. भिंगाच्या आतच बसवलेल्या पात्यांचे शटर, म्हणजे फिल्मवर प्रकाश ठरावीक वेळ पडू देणारे दार, जवळजवळ आवाज न करता उघडते-मिटते. आरशाचा धक्का नसल्याने सेकंदाच्या पंधराव्या भागाइतक्या संथ वेगालाही हात स्थिर राहू शकतो. आणि एफ १.७ इतके रुंद उघडणारे भिंग, चारशे संवेदनशीलतेची फिल्म घातली असता, दुपारच्या माजघरात खिडकीच्या उजेडावर चित्र काढू देते. फ्लॅशचा लखलखाट टळला की चुलीपुढची बाई काम थांबवत नाही.

अंतराचा मुद्दा याला जोडूनच येतो. या घरगुती कॅमेऱ्यांचे भिंग ठरलेले असते, चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटरचे, म्हणजे फार जवळ न ओढणारे आणि फार दूर न लोटणारे. मोठे दिसायला हवे असेल तर चालत जवळ जावे लागते. चाळीत कांदा निवडणाऱ्या बायकांचे चित्र वीस पावलांवरून ओढून घेता येत नाही. त्यांच्या रांगेत उकिडवे बसावे लागते, आणि तिथे बसण्याचा अधिकार घरच्यालाच असतो. दूर उभे राहून जवळचे चित्र काढण्याची सोय वृत्तछायाचित्रकाराला हवी असेल, पक्षी टिपणाऱ्याला तर हवीच. घराच्या चित्रसंग्रहाला ती बाधते, कारण तीत पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातले खरे अंतर लपवले जाते आणि काही वर्षांनी चित्र पाहणाऱ्याला काढणारा कुठे होता याचा पत्ता लागत नाही.

उणिवा पुष्कळ आहेत. पाहण्याची खिडकी आणि भिंग वेगळे असल्याने जवळच्या चित्रात चौकट थोडी सरकते; कॅनोनेटसारखे कॅमेरे अंतरानुसार रेषा हलवून ही चूक बरीच भरून काढतात, पण पूर्ण नाही. ऐंशी-नव्वद सेंटिमीटरच्या आत भिंग जुळतच नाही, त्यामुळे तान्ह्या मुलाची मूठ चौकटभर टिपता येत नाही. भिंगावरचे झाकण काढायचे राहिले तरी खिडकीत सारे नीट दिसते आणि आख्खा रोल कोरा निघू शकतो. अंधुक संध्याकाळी ठिपक्यातल्या दोन प्रतिमा वेगळ्या ओळखणे उतारवयात जड जाते. या दोषांना गुण ठरवणारे लेखन हल्ली बरेच होते. त्याची गरज नाही. साधन अपुरे असते आणि तरीही योग्य असू शकते.

याहून गंभीर आक्षेप दोन आहेत, आणि त्यांना उत्तर देणे भाग आहे. पहिला मोबाइलचा. मोबाइलने कॅमेरा प्रत्येक हाती दिला, विशेषतः घरातल्या बायकांच्या हाती दिला, हे त्याचे काम इतके मोठे आहे की त्यापुढे कोणत्याही जुन्या यंत्राची थोरवी सांगताना जपून बोलावे. फिल्मच्या काळात कॅमेरा बहुधा वडिलांच्या किंवा काकांच्या कपाटात असे. त्यामुळे अल्बममध्ये आई पुन्हा पुन्हा दिसते पण तिने पाहिलेले घर दिसत नाही, आणि वडिलांनी पाहिलेले घर दिसते पण वडील दिसत नाहीत. रेंजफाइंडरचे पुनरागमन जर पुन्हा पुरुषांच्या संग्राहक छंदापुरतेच उरणार असेल, काचेच्या कपाटात चकाकणाऱ्या धातूच्या वस्तू म्हणून, तर त्यात कुटुंबाचे काही हित नाही. मोबाइलची उणीव दुसऱ्या ठिकाणी आहे: त्याचा पडदा सर्वांना दिसतो, म्हणून प्रसंगातली माणसे प्रसंगाऐवजी आपल्याच प्रतिमेकडे पाहू लागतात, चित्र निघताच त्याची तपासणी होते, आवडले नाही तर पुन्हा उभे राहिले जाते. स्टुडिओचा पडदा गेला आणि त्याची शिस्त घराघरात आली. फिल्म कॅमेऱ्यात पाहण्याजोगे काहीच नसल्यामुळे खटका पडला की माणसे आपल्या कामाकडे वळतात. छत्तीस चित्रांची मर्यादाही याच अर्थाने उपकारक आहे. ती संयम शिकवते म्हणून नव्हे, हाती असलेली चित्रे मोजकी असल्यामुळे नंतर कोणीतरी ती सगळी पाहते म्हणून.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो शेतकरी कुटुंबापुढे मांडताना अधिक प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. रंगीत फिल्म आयात होते, तिची किंमत वाढत गेली आहे, तालुक्याच्या गावांतल्या रोल धुणाऱ्या लॅब बंद पडल्या आहेत आणि रोल कुरिअरने मोठ्या शहरात पाठवावा लागतो. ज्या वर्षी कांद्याने तोट्यात घातले, त्या वर्षी कोणाला हा खर्च सुचवणे गैर होईल. यावर मार्ग आहे तो कृष्णधवल फिल्मचा आणि ती घरी धुण्याचा. त्यासाठी अंधारी खोली लागत नाही. काळ्या कापडी पिशवीत हात घालून रोल चक्रीवर चढवून बंद डब्यात ठेवला की पुढचे सारे उजेडात होते. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरची अदृश्य प्रतिमा दृश्य करणारे रसायन, साधारण वीस अंश सेल्सियसला वापरण्याच्या हिशेबाने बनवलेले असते, आणि निफाड तालुक्यात मे महिन्यात टाकीतून येणारे पाणी त्याहून कितीतरी गरम असते. तापमान वाढले की क्रिया वेगाने होते, म्हणून वेळ तक्त्याप्रमाणे कमी करावा लागतो किंवा माठातले पाणी आणि थोडा बर्फ वापरून रसायन थंड करावे लागते. थंडीत याच तालुक्यात पहाटेचे पाणी उलट अडचण करते. हे काम सरस्वतीबाईंच्या काळापासून स्वयंपाकघराच्या अंगवळणी पडेल असेच राहिले आहे: माप, वेळ, तापमान, स्वच्छ भांडी.

कॅमेरा निवडतानाही रूपापेक्षा यंत्रणा पाहावी. याशिका इलेक्ट्रो प्रकाशाची वेळ विजेवर ठरवतो. त्याच्यासाठी मूळची पारायुक्त बॅटरी आता मिळत नाही, अडॅप्टर लावून दुसरी बसवावी लागते, आणि बॅटरी संपली तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावरच अडकून राहते. भर उन्हात ते चालते, पडवीत नाही. कॅनोनेट क्यूएल-१७ आणि ऑलिंपस ३५ आरसी यांचे शटर यांत्रिक आहे. त्यांचा प्रकाशमापक बंद पडला तरी अंदाजाने काम चालते, आणि लासलगावच्या डिसेंबर ते मे या निरभ्र उन्हात तो अंदाज कठीण नाही: छिद्र एफ १६ ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याएवढा. ऑलिंपस वजनाने चारशे ग्रॅमच्या आसपास असल्याने आणि आकाराने लहान असल्याने तो घरातल्या कोणाच्याही हाती सहज राहतो, हे त्याच्या बाजूचे मोठे वजन आहे. घेण्यापूर्वी भिंग उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का, पात्यांवर तेल आले आहे का आणि मागच्या दाराच्या खाचेतला काळा स्पंज चिकट झाला आहे का, हे पाहावे. तो गळाला असेल तर प्रकाश आत शिरतो, पण नवा लावणे अवघड नसते. सेल्फ-टायमर, म्हणजे काही सेकंदांनी आपोआप खटका पाडणारी कळ, चालते का हेही तपासावे, कारण काढणाऱ्याला चित्रात आणण्याचा तो एक मार्ग आहे. दुसरा आणि चांगला मार्ग म्हणजे कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देणे. दोन प्रतिमा एक करण्याची क्रिया दहा वर्षांच्या मुलीला पाच मिनिटांत कळते.

या साऱ्याचा शेवट निगेटिव्हमध्ये होतो, आणि कौटुंबिक संग्रहाची खरी काळजी तिथून सुरू होते. प्रत्येक रोलच्या पट्ट्या सहा-सहा चित्रांच्या तुकड्यांत कापून कागदी पाकिटात ठेवाव्यात, पाकिटावर महिना, ठिकाण आणि माणसांची नावे लिहावीत. सुनेचे लिहिताना तिचे माहेरचे नावही लिहावे, कारण दोन पिढ्यांनी तेच सर्वांत आधी विसरले जाते. आणि चित्र कोणी काढले तेही नोंदवावे. कृष्णधवल निगेटिव्हवरची प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि नीट धुतलेली, कोरडी ठेवलेली असेल तर ती माणसाच्या आयुष्यापेक्षा अधिक टिकते. लासलगावात मात्र एक जादा खबरदारी घ्यावी लागेल. चांदीला गंधक सोसत नाही, आणि कांद्याच्या, विशेषतः सडू लागलेल्या कांद्याच्या, वासात गंधकाचीच संयुगे असतात. तेव्हा निगेटिव्हची पेटी ज्या खोलीत घरखर्चाचा कांदा पसरला जातो किंवा जिच्या खिडक्या चाळीकडे उघडतात त्या खोलीत ठेवू नये, दूरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पावसाळ्यात अधूनमधून उघडून पाहता येईल अशी ठेवावी.